बोरन्हाणाच्या फोटोंत फ्लॅश दिसू नये म्हणून

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत घरोघरी बोरन्हाण होतं आणि ते बहुधा संध्याकाळीच होतं. शेजारची मुलं शाळेतून, खेळून आलेली असतात, बायका हळदीकुंकवाला यायच्याच असतात, म्हणून साडेसहा-सातची वेळ ठरते. जानेवारीत मुंबई-ठाण्याकडे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. बाळाला दागिने घालून पाटावर बसवेपर्यंत खिडकीतला उजेड गेलेला असतो. फोटो काढणाऱ्याच्या वाट्याला येतं ते असं: काळंभोर झबलं, त्यावर पांढराशुभ्र हलवा, डोळ्यांवर उतरलेला हलव्याचा मुकुट, वरून पडणारी बोरं-कुरमुरे, आणि दहा सेकंदही एका जागी न थांबणारं मूल.

इथे घेतलेलं प्रकरण ठाण्यातल्या एका दोन बेडरूमच्या फ्लॅटमधलं आहे. बाळ अकरा महिन्यांचं. कॅमेरा मामाच्या हातात: एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा, १७-५० मिमी एफ/२.८ झूम लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी) आणि डोकं वर-खाली तसंच डावी-उजवीकडे वळणारा एक बाहेरचा फ्लॅश. मामाला फोटो हवे होते ते दिवसा खिडकीपाशी काढल्यासारखे. फ्लॅशचा जोर कमी केला की फोटो नैसर्गिक दिसतो असा पुष्कळांचा समज असतो. जोराचा भाग त्यात थोडा आहे. उजेड कुठून येतो आणि मागच्या खोलीत किती उरतो, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. या प्रकरणात फ्लॅश, लेन्स, मूल तेच राहिलं, फक्त या दोन गोष्टी बदलल्या.

खोली

हॉल दहा फूट रुंद, सोळा फूट लांब. छत साडेनऊ फुटांवर, पांढरं, कडेने पीओपीची पट्टी आणि त्यात लपवलेल्या पिवळसर एलईडी माळा. एका लांब भिंतीला पिस्ता रंग, समोरच्या टीव्हीच्या भिंतीला क्रीम. टीव्हीच्या वर एक २० वॅटची एलईडी ट्यूब, थंड पांढरी. आखूड बाजूंपैकी एकीकडे बाल्कनीचं सरकतं दार आणि त्यावर गडद मरून पडदा, दुसरीकडे स्वयंपाकघराकडे जाणारा बोळ. सजावट पिस्ता भिंतीवर: कागदी पतंग, फुगे, बाळाचं नाव. पाट त्या भिंतीला अगदी टेकवून ठेवलेला.

फ्लॅश न लावता मोजलं तर ट्यूब आणि माळा दोन्ही चालू असताना आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) १६००, एफ/४ ला शटर १/५० सेकंद लागत होतं. ट्यूब बंद केल्यावर १/३०. १/३० ला मोठी माणसं जेमतेम स्थिर येतात, अकरा महिन्यांचं मूल येत नाही. दोन्ही दिवे चालू ठेवून, लेन्स एफ/२.८ पर्यंत उघडून आयएसओ ६४०० केला तर शटर १/४०० मिळतं आणि आजच्या कॅमेऱ्यांत तो फोटो चालूनही जातो. पण मग उजेड ट्यूबचा आणि माळांचाच राहतो: वरून येणारा, अर्धा निळसर, अर्धा पिवळा, आणि मुकुटाखाली न पोचणारा. या हॉलमध्ये फ्लॅश हवा होता तो उजेडाची दिशा आपल्या हातात यावी म्हणून.

समोरून मारलेला फ्लॅश

औक्षणाच्या तयारीत काढलेले पहिले फोटो फ्लॅश सरळ बाळाकडे रोखून, टीटीएलवर, म्हणजे फ्लॅशचा जोर कॅमेऱ्यावर सोडून, काढलेले होते. त्यांत चार दोष एकदम दिसले.

पाट भिंतीला टेकलेला असल्याने बाळाच्या मागे भिंतीवर काळी, धारदार सावली पडली, आणि कॅमेरा उभा धरल्यावर ती एका बाजूला सरकली. कपाळावर आणि गालांवर तेलकट चमक आली, कारण छोट्या डोक्यातून निघालेला उजेड ओलसर त्वचेवरून थेट लेन्समध्ये परततो. बोळ जवळजवळ काळा पडला. मूल दीड मीटरवर आणि बोळातला दरवाजा पाच मीटरवर असेल तर अंतराच्या वर्गाच्या नियमाने दरवाज्यावर अकरावा हिस्सा उजेड पडतो, म्हणजे साडेतीन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). डोळ्यांना उजळ दिसणारं घर फोटोत गुहेसारखं का येतं, त्याचं कारण हेच.

चौथा दोष टीटीएलचा. कॅमेरा समोरचं दृश्य सरासरीने मधल्या राखाडी छटेचं आहे असं धरून चालतो. चौकटीत बहुतेक काळं झबलं आणि आईची काळी चंद्रकळा. कॅमेऱ्याला वाटलं अंधार फार आहे, त्याने फ्लॅश वाढवला. काळं राखाडी झालं आणि हलव्याचा काटा पार पुसला गेला. हलव्यावरचा तो बारीक काटा दिसत नसेल तर दागिने थर्माकोलचे वाटतात. ज्या बाईने कढईवर तासन्‌तास पाकाचे थेंब घालत तो फुलवला, तिच्या कामाचं फोटोत काहीच उरत नाही. पुढच्याच फोटोत पांढऱ्या धोतरातले आजोबा शेजारी आले आणि टीटीएलने उलट फ्लॅश कमी केला. मूल तेच, जागा तीच, आणि लागोपाठच्या दोन फोटोंत उजेडाचा फरक एक-दीड स्टॉपचा.

समोरच्या फ्लॅशचा एक उपयोग मात्र सांगायलाच हवा. अशा फोटोत बुबुळात लाल चमक येते ती डोळ्याच्या मागच्या पडद्याची. एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरी किंवा पिवळट चमक पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर फोटो दुरुस्त करत बसू नये, मुलाला लगेच नेत्रतज्ज्ञांकडे न्यावं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण लहान मुलांतल्या डोळ्याच्या कर्करोगाची ती खूणही असू शकते.

आजींची शंकाही रास्त होती: "अरे, एवढ्याशा डोळ्यांवर सारखा लखलखाट बरा का?" कॅमेऱ्याच्या फ्लॅशने डोळ्यांना कायमची इजा होते असं दिसून आलेलं नाही. पण जवळून, समोरून, वारंवार मारलेला फ्लॅश मुलाला त्रासदायक वाटतो, ते तोंड फिरवतं, कंटाळतं, रडतं. भिंतीवरून परतवलेल्या उजेडाकडे बहुतेक मुलं काही वेळाने लक्षही देत नाहीत. फ्लॅशचं डोकं तोंडाजवळ नेऊन कधीच उडवू नये, आणि कोणाला फिट्स येत असतील तर फ्लॅश मुळात वापरावा का, हे घरच्यांना आधी विचारावं.

छतावर मारलेला फ्लॅश

बाउन्स, म्हणजे फ्लॅश छतावर किंवा भिंतीवर मारून परतवणं, म्हटलं की हात आपोआप फ्लॅशचं डोकं सरळ वर करतो, वर प्लास्टिकची पांढरी टोपीही चढवली जाते. मामानेही तेच केलं. भिंतीवरची सावली गेली, चमक गेली, बोळ थोडा उजळला. उभ्या असलेल्या मोठ्या माणसांचे फोटो या पद्धतीने चांगलेच येतात.

पाटावर बसलेल्या मुलाचे येत नाहीत. छत त्याच्या डोक्यापासून जवळजवळ सव्वादोन मीटर वर, उजेड सरळ खाली, आणि कपाळावर पुढे आलेला मुकुट. दोन्ही डोळ्यांच्या खोबणींत काळोख, नाकाखाली सावली, डोळ्यांत चमकेचा ठिपका नाही. बाळ हसत असलं तरी थकल्यासारखं दिसतं. दिवसा घरात उजेड छतातून येत नाही, खिडकीतून आडवा येतो. म्हणून छतावरून आलेला फ्लॅश कितीही मऊ असला तरी तो ट्यूबलाइटसारखाच वाटतो.

टोपीबद्दल: लहान खोलीत ती उजेड सगळीकडे फेकते, थोडा पुढेही. पुढे गेलेला भाग पुन्हा तीच समोरची सपाट चमक देतो, आणि वर-बाजूला गेलेला पिस्ता भिंतीला लागून परततो. आईच्या गालाची एक बाजू या फोटोंत हिरवट आली होती. गालावरचा असा हिरवा नंतर संगणकावर काढायचा प्रयत्न केला की दुसरा गाल जांभळा पडतो. टोपी काढून ठेवावी.

बाल्कनीच्या बाजूने

या हॉलमध्ये दिवसा उजेड बाल्कनीतून येतो. घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांना तोच सवयीचा. संध्याकाळी फ्लॅशही तिथूनच आला तर पाहणाऱ्याला तो खटकत नाही. अडचण मरून पडद्याची होती: गडद पडदा उजेड गिळतो, आणि जो परत देतो तो लालसर. पडदा उघडला तर मागे काच, तिच्यावरून फ्लॅश आरशासारखा उसळतो किंवा बाहेर निघून जातो.

उपाय कपाटातच होता. डबल बेडची पांढरी, नक्षी नसलेली चादर दुहेरी घडी करून पडद्याच्या दांडीवर टाकली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी बसवली. एकेरी चादरीतून बराच उजेड आरपार जातो, म्हणून दुहेरी. मागे मरून पडदा राहिला तरी मग फरक पडत नाही. जमिनीपासून वर साधारण दोन मीटरपर्यंतचा पांढरा पट्टा मिळाला की तीच खिडकी.

पाट भिंतीपासून एक मीटर पुढे ओढला, आणि चादरीपासून बाळ सुमारे दोन मीटरवर येईल असा ठेवला. मामा टीव्हीच्या भिंतीकडे पाठ करून, बाळापासून दीड मीटरवर, जमिनीवर मांडी घालून बसला. लेन्स बाळाच्या डोळ्यांच्या उंचीला. फ्लॅशचं डोकं डावीकडे पूर्ण ९० अंश वळवून चादरीकडे, आणि किंचित, वीस-तीस अंश, वर. वर केल्याने चादरीचा वरचा भाग आणि छताची कड दोन्ही उजळतात, आणि प्रकाश खिडकीसारखा थोडा वरून तिरपा येतो.

फ्लॅशचा झूम हाताने ३५ मिमीवर ठेवावा. आपोआपवर सोडला तर तो लेन्सचा झूम बदलेल तसा बदलत राहतो. पाहिजे आहे तो चादरीवर मोठा, पसरलेला उजेड. जेवढा पट्टा उजळेल तेवढा प्रकाश मऊ.

सोफ्यावर, चादरीच्या अलीकडे, आजोबा बसले होते, आणि आडवा वळवलेला फ्लॅश त्यांच्या तोंडावर थेट गेला असता. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या काळ्या फोम शीटचा साधारण १२ बाय २० सेंमीचा तुकडा केसांच्या रबराने फ्लॅशच्या डोक्याला त्या बाजूने बांधला. उजेड चादरीवर जातो, माणसांच्या डोळ्यांत जात नाही. या तुकड्याचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं: डोकं पूर्ण ९० अंश न वळता ४५-६० अंशच वळवावं लागलं, तर थेट उजेडाची एक कड मुलाच्या गालावर पडते आणि सगळी मेहनत वाया जाते. तेव्हा फोम मुलाच्या बाजूला बांधायचा. तपासायचं कसं? मुलाच्या जागी डोकं ठेवून फ्लॅशकडे पाहावं. फ्लॅशची पुढची काच दिसत असेल तर थेट उजेड तिथे पोचणारच.

आकडे

आधी खोलीचा उजेड, मग फ्लॅश. क्रम उलटा केला की गोंधळ होतो.

ट्यूब बंद केली. ती टीव्हीवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे होती, बाळाच्या तोंडावर सपाट, निळसर उजेड टाकत होती. पिवळ्या माळा चालू ठेवल्या, निरांजनाच्या ज्योतीशी त्यांचा रंग जुळतो. एफ/४, आयएसओ १६०० ला माळांचा उजेड १/३० ला बरोबर बसत होता. शटर १/१०० ठेवलं, म्हणजे खोली फोटोत पावणेदोन स्टॉप गडद. एवढी गडद खोली संध्याकाळसारखी दिसते, अंधारी दिसत नाही, आणि माळांच्या उजेडाने मुलाच्या हालचालीचा धूसर ठसा उमटत नाही. खोली फक्त अर्धा स्टॉप गडद ठेवली असती तर हात हलला की बोटांभोवती भुतासारखी कड आली असती.

१/१०० का, १/१२५ का नाही? आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, स्वस्त एलईडीत ते जास्तच जाणवतं. १/१०० मध्ये एक पूर्ण चढउतार मावतो, म्हणून प्रत्येक फोटोत माळांचा उजेड सारखाच येतो. १/२०० वर गेलं की काही फोटो गडद, काही उजळ, कधी आडवे पट्टे.

एफ/४ मुलासाठी आणि आईसाठी. ३५ मिमी, दीड मीटर अंतर, या सेन्सरवर एफ/४ ला साधारण २८ सेंमी खोलीपर्यंत सगळं स्पष्ट येतं: बाळाचा चेहरा, पुढे आलेले हात, मागे टेकलेल्या आईचा चेहरा जेमतेम. एफ/१.८ च्या लेन्सने हेच साडेबारा सेंमी उरतं. एकट्या चेहऱ्याला ते शोभतं, बोरन्हाणाला पुरत नाही.

फ्लॅश मॅन्युअलवर, म्हणजे जोर हाताने ठरवून. या वर्गातल्या फ्लॅशचा गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा, अंतराने भागला की एफ मिळतो) ३५ मिमी झूमला, आयएसओ १०० ला साधारण ३६ मीटर धरावा. फ्लॅश ते चादर दोन मीटर, चादर ते बाळ दोन मीटर, एकूण चार. ३६ भागिले ४ म्हणजे एफ/९. कापडावरून परतताना आणि पसरताना तीन स्टॉप जातात असं धरलं तर एफ/३.२. आयएसओ १६०० ने चार स्टॉप मिळतात, एफ/१२.७. हवं आहे एफ/४, म्हणजे तीन स्टॉपहून थोडा जास्त उजेड हाताशी आहे. त्यातला थोडा रंगीत जेल (फ्लॅशवर लावायची पारदर्शक पट्टी) खातो. उरतात तीन स्टॉप: फ्लॅश पूर्ण जोराच्या १/८ वर.

हे गणित सुरुवातीची जागा दाखवतं, शेवटचा आकडा चाचणीतूनच येतो. चाचणी बाळावर करू नये. ताईला पाटामागे बसवून, हातात काळं झबलं आणि हलव्याचा हार धरायला लावून दोन-तीन फोटो घेतले. कॅमेऱ्यात जास्त उजळलेला भाग लुकलुकण्याची सोय चालू केली. हलवा लुकलुकला की फ्लॅश एक तृतीयांश स्टॉप खाली. हलव्याचा काटा दिसतो आणि लुकलुकणं नुकतंच थांबलं, तिथे थांबायचं. काळं झबलं मग काळंच राहतं, गालांचा रंग आपोआप जागेवर येतो. या हॉलमध्ये ते १/८ च्या एक तृतीयांश स्टॉप खाली स्थिरावलं. इथून पुढे बाळ पाटावर आहे तोवर काहीही बदलायचं नाही. आजोबा चौकटीत येवोत वा जावोत, फोटोचा उजेड तोच राहतो.

मॅन्युअलचा आणखी एक लाभ: टीटीएलमध्ये मोजमापासाठी आधी एक छोटा फ्लॅश उडतो, मग खरा. काही मुलांची पापणी त्या पहिल्या फ्लॅशलाच मिटायला लागते आणि प्रत्येक फोटो पेंगुळलेला येतो. मॅन्युअलमध्ये पहिला फ्लॅशच नाही. लाल डोळे टाळण्याची सोयही बंद ठेवावी. बाजूने येणाऱ्या उजेडात डोळे लाल होतच नाहीत, आणि ती सोय नुसता वेळ खाते.

रंगाचं थोडक्यात. फ्लॅश साधारण ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका रंग पिवळा), माळा ३००० च्या आसपास. जेल न लावता काढलं तर बाळ बरोबर, मागची खोली फार नारिंगी. पाव सीटीओ नावाची फिकट नारिंगी जेल फ्लॅशला ४५०० पर्यंत आणते. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्सही ४५०० वर ठेवला. खोली उबदार राहिली, गाल गालासारखे. पूर्ण सीटीओ लावली असती तर सगळंच एका रंगाचं झालं असतं, तेही चालतं, पण मग निरांजनाचा पिवळा वेगळा उठत नाही. चॉकलेटचा रंगीत कागद लावण्याचा मोह टाळावा, त्याचा रंग भलतीकडे झुकतो आणि फ्लॅशच्या उष्णतेने तो वितळू शकतो.

सावलीची बाजू

उजेड कॅमेऱ्याच्या डावीकडून, तर फोटोत उजवीकडे दिसणारा गाल सावलीत. थोडी सावली हवीच, तिच्यामुळेच गालाला गोलाई येते. पण आई फोटोत बाळाच्या उजवीकडे, काळ्या चंद्रकळेत. संक्रांतीला घरातले बहुतेक जण काळ्यात असतात, आणि काळं कापड आलेला उजेड परत देत नाही. सावली फार खोल गेली.

आईला डावीकडे बसवणं हा उपाय नव्हे, तिथे ती उजेडच अडवेल. बदल जमिनीवर केला. बोरं-कुरमुरे गोळा करायला खाली काहीतरी अंथरतातच. तिथे आधी लाल-निळी सतरंजी होती. तिच्या जागी पांढरी चादर, पाटाखालून पुढे दीड मीटरपर्यंत. चादरीवर पडलेला उजेड खालून वर परतला आणि मुकुटाच्या खाली, डोळ्यांपर्यंत पोचला. वरून कोणताही फ्लॅश कितीही मारला असता तरी तिथे पोचला नसता. रांगोळी त्यामुळे पाटाच्या पुढून बाजूला काढावी लागली, आणि ते बरंच झालं, बाळाने ती एरवीही पुसलीच असती.

डोळ्यांत आता डावीकडे उंच, चौकोनी चमक दिसत होती. ती टांगलेल्या चादरीची होती, पण फोटो पाहणाऱ्याला खिडकीचीच वाटते.

बोरं पडताना

एक गोष्ट फोटोच्या आधीची. बोरं, हरभरे, रेवड्या, शेंगा यांतलं काहीही अकरा महिन्यांच्या मुलाच्या तोंडात जाता कामा नये, घशात अडकतं. फोटोसाठी "बोर खा बघू" असं कोणी म्हणू नये. उसाचे करवे आणि बोरं डोक्यावरून न टाकता खांद्यांवरून, बाजूंनी सोडावीत. डोक्यावर फक्त कुरमुरे आणि थोडा हलवा.

हे फोटोलाही सोयीचं. चाळीस सेंमीवरून सोडलेलं बोर खाली येईपर्यंत सेकंदाला पावणेतीन मीटरच्या वेगाला पोचतं. १/१०० सेकंदात ते पावणेतीन सेंमी सरकतं, म्हणजे नुसत्या शटरच्या भरवशावर बोराची रेघ होते. १/८ जोरावर फ्लॅशची लखलख मात्र १/२००० सेकंदाहून लहान असते, तेवढ्यात बोर दीड मिमीही हलत नाही. खोली पावणेदोन स्टॉप गडद ठेवल्याने माळांच्या उजेडातली रेघ फिकीच राहते आणि बोर हवेत टांगल्यासारखं स्वच्छ येतं. फ्लॅश पूर्ण जोरावर असता तर लखलखही लांबली असती. आयएसओ १६०० निवडण्यामागे हेही एक कारण: फ्लॅशला कमी काम, लखलख छोटी, आणि पुढच्या फोटोसाठी तो अर्ध्या सेकंदाच्या आत तयार.

तरीही बोट दाबून धरू नये. लागोपाठ तीन-चार फोटो घेतले की शेवटचे एक-दोन काळे येतात, कारण फ्लॅश भरलेला नसतो. एका ओंजळीला दोनच फोटो घ्यावेत. पहिला, हात उघडायच्या क्षणी, जेव्हा बाळ वर पाहतं. कुरमुरे प्रत्यक्ष डोक्यावर पडतात तेव्हा डोळे मिटलेलेच असतात, तो क्षण सोडून द्यावा. दुसरा, सगळं पडून गेल्यावर, जेव्हा ते मांडीवर पडलेलं बोर उचलायला वाकतं. मामाने इतकंच सांगितलं: "काकू, हात जरा चादरीच्या बाजूने नका आणू, समोरून आणा." चादरीच्या बाजूने आलेल्या हाताची सावली नेमकी तोंडावर पडते.

ओंजळीसकट चौकट मावायला लेन्स २४ मिमीला आणावी लागली. ३५ ला दीड मीटरवरून जेमतेम एक मीटर रुंदी मिळते, २४ ला दीड मीटर. फोकस बाळाच्या चादरीकडच्या डोळ्यावर, आणि कुरमुरे पडायच्या आधीच धरलेला. पडायला लागल्यावर कॅमेरा पुढच्या कुरमुऱ्यांवर झेप घेतो.

मुलं तुटून पडल्यावर

शेवटच्या ओंजळीनंतर बाकीची मुलं गोळा करायला धावतात आणि बसवलेली मांडणी मोडते. काही मुलं चादरीपासून दोन मीटरवर, काही तीनवर. दोनाचे तीन मीटर झाले की उजेड एका स्टॉपहून थोडा जास्त उतरतो. अशा वेळी फ्लॅशला हात न लावता आयएसओ ३२०० करावा. एका बोटाचं काम आहे, आणि खोलीही सोबत थोडी उजळते, जे पळापळीच्या फोटोंना शोभतं. जागा बदलली की मात्र फ्लॅशचं डोकं पुन्हा चादरीकडे वळवायचं, ही सवय हाताला लावून घ्यावी. फ्लॅश दुरून उडवणारा रेडिओ ट्रिगर असेल तर फ्लॅश सोफ्यामागच्या कपाटावर चादरीकडे तोंड करून ठेवून द्यावा आणि मोकळ्या हाताने फिरावं. मुलांच्या पायात येईल असा स्टँड हॉलमध्ये उभा करू नये.

नंतरचं काम थोडंच होतं. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढलेले. रंग एका फोटोवर बसवून बाकीच्यांना लावले, हलव्याचा उजळपणा थोडा खाली, झबल्याच्या सावल्यांना हात नाही. पिस्ता भिंतीवरून परतलेला किंचित हिरवा आईच्या मानेवर उरला होता, तो तेवढ्याच जागी कमी केला.

फ्लॅश वळत नसेल, किंवा फक्त फोन असेल

कॅमेऱ्यातच बसवलेला उघडझाप फ्लॅश वळत नाही, त्याने हे जमणार नाही. तो बंद ठेवावा. विकत घ्यायचा झाला तर डोकं डावी-उजवीकडे वळणारा आणि जोर हाताने ठरवता येणारा पाहावा, टीटीएल नसला तरी चालतो. काही स्वस्त फ्लॅशची डोकी फक्त वर-खाली होतात, ती या कामाची नाहीत.

फोनचा फ्लॅश म्हणजे छोटा एलईडी दिवा. तो बोर थांबवत नाही आणि समोरून लावला तर वरचे सगळे दोष येतात. फोनसाठी चादर तशीच लावावी आणि तिच्याकडे तोंड करून टेबललॅम्पमध्ये १५ वॅटचा पिवळसर एलईडी बल्ब, चादरीपासून पाऊण मीटरवर, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. ट्यूब बंद करावी. बाळाला चादरीच्या आणखी जवळ, मीटरभरावर आणावं. पडणाऱ्या बोरांच्या रेघा होतील, त्या होऊ द्याव्यात. औक्षणाचे, हलव्याच्या दागिन्यांचे आणि बोर उचलणाऱ्या हाताचे फोटो या उजेडात छान येतात.

जुन्या वाड्यात किंवा कोकणातल्या घरात, जिथे छत लाकडी आणि भिंती मातकट असतात, तिथे बाउन्सला छत आणि भिंत दोन्ही नाहीत. तिथे चादर दोन खांबांमध्ये दोरीवर टांगावी, बाळापासून दीड मीटरवर, आणि फ्लॅश १/४ वर धरून चाचणी सुरू करावी. आजूबाजूचं काही उजेड परत देत नसल्याने सावलीची बाजू तिथे जास्त गडद पडते, म्हणून जमिनीवरच्या चादरीबरोबर आईच्या मांडीवरही एक पांढरा पंचा टाकावा.